साताऱ्याहून जतला, मेंढरांच्या चालीनं

खंडेनवमीच्या दिवशी पहाटे पाच वाजता आम्ही साताऱ्याहून जतला निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी आई आणि आमची गाडी. घरी घट बसलेले असल्यामुळे बायको मागे राहिली. निघताना तिनं गाडीकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती.

ही गाडी मूळची आमच्या डॉक्टरांची. त्यांनी ती वीस वर्षं जावळीपासून पाटणपर्यंत हिंडवली होती. मैल मोजणारा आकडा एकदा पुरता फिरून शून्यावर आला होता आणि पुन्हा निम्म्याच्या पुढं गेला होता. डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी माझ्या गळ्यात घातली. “मास्तर, ही तुम्हाला कधी दगा देणार नाही,” असं ते म्हणाले. डॉक्टरांची निदानं गावात तशीही फारशी खरी ठरत नसत.

जायचं कारण मात्र खरं होतं. जतच्या पलीकडच्या माळावर माझे मामा मेंढरं राखतात. आईचा हा एकुलता एक थोरला भाऊ, सत्तरीला टेकलेला. दरवर्षी दिवाळी झाली की ते कळप घेऊन मुलखावर निघतात आणि मृगाच्या पावसाशिवाय परतत नाहीत. मधल्या काळात त्यांचा पत्ता म्हणजे ‘आज या रानात, उद्या त्या रानात’. पोस्टमनही हात टेकतो. यंदा दुष्काळ होता. माळावर काडी उरली नव्हती. म्हणून दसऱ्याला सोनं देऊन दुपारीच कळप हलवणार, असा मामांचा निरोप एका एस.टी. कंडक्टरबरोबर आला. आईनं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, “औंदा गाठ पडली तर पडली. फुडचं कुणी बगितलंय?”

या ‘औंदा’ला इतिहास होता. मागच्या वर्षी ती एस.टी.नं निघाली होती आणि मीच तिला अडवलं होतं. “आता आपली स्वतःची गाडी येणार आहे. पुढच्या वर्षी ऐटीत जाऊ,” असं म्हणालो होतो. गाडी आली, ऐटही आली.

निघताना आईनं विचारलं, “गाडीची, हत्यारांची पूजा केलीस का?”

खंडेनवमीला आमच्याकडे लोखंडाची प्रत्येक वस्तू धुऊनपुसून पाटावर बसते, तिला हळदकुंकू लागतं आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत ती पाटावरून उठत नाही. मी पहाटे अंधारात बॉनेटला झेंडूची एक माळ अडकवली होती. पान्यांची पिशवी मागच्या सीटच्या पायथ्याशी होती, ती बाहेर काढायचा मला कंटाळा आला होता. विज्ञानाच्या शिक्षकाला कंटाळ्यासाठी तात्त्विक कारण लगेच सापडतं. “केली की!” मी म्हणालो. आई मागच्या सीटवर चढून मांडीवर गाठोडं घेऊन बसली.

कऱ्हाडपर्यंतचा प्रवास लिहिण्यासारखा काही नाही, म्हणजे फारच छान झाला. कृष्णाकाठच्या उसाला दुष्काळ ठाऊकच नव्हता, तो आपला डुलत होता. कऱ्हाडच्या स्टँडसमोर मी मिसळ खाल्ली. आईनं बशीतून चहा घेतला आणि हॉटेलवाल्याला, “दूध घालाय इसरलासा का पावना?” असं विचारून त्याची सकाळ गोड केली.

इंजिनातून खळखळ येत होती, पण ती नेहमीचीच. तिचं निदान आमच्या मेस्त्रीनं फाल्गुनातच केलं होतं. इंजिनाच्या पुढच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. खालचं चाक फिरेल त्या तालात वरचं फिरावं म्हणून दोघांना एक साखळी जोडलेली असते, तिला टायमिंग चेन म्हणतात. ती वर्षानुवर्षं ताणून ढिली होते आणि एके दिवशी तुटते. “सायेब, तुटायच्या आदी बदला,” असं मेस्त्री म्हणाला होता. मी आज्ञाधारकपणे पुण्याहून नवी चेन आणली आणि नीट डिकीत ठेवली. आता फाल्गुनापासून आश्विनापर्यंत नवी चेन डिकीत आणि जुनी इंजिनात, अशा दोघी एकाच गाडीतून हिंडत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी वर्गात पोरांना दरवर्षी ऐकवतो.

सांगलीला भडंग घेतलं. मिरजेच्या बाहेर जतला जाणारी एस.टी. दिसली, माणसांनी इतकी ठासलेली की टपही रिकामा नव्हता. तिला ओलांडून जाताना मी उगाचच लांब हॉर्न वाजवला आणि ड्रायव्हरला हात केला. आई म्हणाली, “का खिजवतुयास त्याला?” मी म्हणालो, “अगं, सहज.”

मिरज सुटली तसा ऊस मागं राहिला. मग हिरवं राहिलं मागं, मग झाडं. कवठेमहांकाळच्या अलीकडे दोन्ही बाजूंना नुसता तांबूस माळ, करपलेली ज्वारी आणि उन्हात चमकणारे दगड. या माळावर आई लहानाची मोठी झाली. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला एकेक ओढा दाखवत होती. “ह्येच्यात पाणी आसायचं.” प्रत्येक ओढ्याला हेच वाक्य.

आणि अचानक खळखळ थांबली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच इंजिन इतकं शांत झालं होतं, म्हणून क्षणभर मला आनंदच झाला. मग गाडीही शांतपणे रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चावी फिरवली की स्टार्टर घरघरायचा, इंजिन मात्र ढिम्म. चेन तुटली होती.

पंधरा मिनिटांनी ती एस.टी. आली. थांबली नाही, थांबायला जागाच नव्हती. ड्रायव्हरनं मात्र मला ओळखलं. हॉर्न वाजवला आणि हातही केला. त्याच्या हॉर्नचा आवाज आमच्यापेक्षा चांगला होता. त्यानंतरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. ती जतला पोचून तिथून माळ तुडवेपर्यंत मामा निघून गेलेले असणार, हे आईनंच हिशेब करून सांगितलं. चिडून नव्हे. तेच जास्त लागलं.

एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला फाट्यापर्यंत ओढत नेलं. बॉनेटवर झेंडूची माळ, पुढं दोन बैल. गाडी एकदम देखणी दिसत होती. आईला फाट्यावरच्या लिंबाखाली बसवून मी मेस्त्री शोधायला गावात गेलो.

पहिल्या गॅरेजात मेस्त्री आंघोळ करून, गंध लावून बसला होता. समोर पाटावर त्याचे सगळे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे ओळीनं मांडले होते. प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. “उद्या सोनं लुटलं की या,” तो गोड हसून म्हणाला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, फक्त हसला नाही. लोहाराचा घण पाटावर. सुताराची करवत पाटावर. सायकलवाल्यानं तर हवा भरायचा पंपसुद्धा बसवला होता. मी म्हणालो, “अहो, पंप हे काय शस्त्र आहे का?” तो म्हणाला, “आमचं प्वाट त्येच्यावर हाय गुरुजी. तुमी खडू पूजत न्हाई व्हय?” मी खडू पूजत नाही, हे मी सांगितलं नाही.

हात हलवत परत आलो तर आई लिंबाखाली नव्हती. फाट्यावरच्या एका पत्र्याच्या शेडपुढं बाजेवर बसून कडकण्या (नवरात्रात देवीच्या फुलोऱ्याला बांधतात त्या गोड, कडक पुऱ्या) खात होती. शेडचा मालक शिदू हवालदार. पल्टणीत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून पेन्शनीत आलेला ताठ माणूस, मिशांना पीळ, अंगात खाकी हाफपँट. आईनं तेवढ्या वेळात त्याच्या बायकोशी माहेरच्या गावांवरून नातं जुळवलं होतं आणि मामांची सगळी हकिगतही सांगितली होती.

हवालदार बॉनेट उघडून वाकला, एकदा हँडल फिरवलं आणि सरळ झाला. “चेन ग्येली. नवी हाय?”

“आहे. डिकीत.”

“कवापास्नं?”

“फाल्गुनापासून.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. फौजेत असतो तर मला कोणती शिक्षा झाली असती ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाला, “तीन-चार तासाचं काम हाय. दिस मावळायच्या आत हुतंय. पन माजी हत्यारं देवाफुडं बसल्यात. तेस्नी उठवायचं न्हाई. आर्डर म्हंजी आर्डर. तुमची हत्यारं हाईत का?”

“आहेत.”

“पुजल्यात?”

आता इथं मी सांगायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. पण आई दोन हातांच्या अंतरावर बाजेवर बसलेली, सकाळी तिलाच तोंडावर ‘केली की’ म्हणालेला मी, आणि वय वर्षं बेचाळीस. मी म्हणालो, “हो.”

“मग झालं तर! ती बी बसल्यातच,” हवालदार म्हणाला आणि बॉनेट बंद केलं.

मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. सावली पूर्वेकडं सरकायला लागली होती. त्या पाच-दहा मिनिटांत मी बऱ्याच युक्त्या काढून पाहिल्या. कुंकू पुसून टाकू म्हणावं? वेगळी पिशवी होती म्हणावं? मग आईकडे लक्ष गेलं. तिनं गाठोड्यातून आपट्याची पानं बाहेर काढली होती. साताऱ्याहून आणलेली. ती सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओला फडका पांघरत होती. मला माझी लाज वाटली.

मी हवालदाराला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, “पूजा केलेली नाही.”

“क्काय?” वीस वर्षं परेडवर कमावलेला आवाज तो. “पूजा न्हाई केली? आन् आईला केली म्हून सांगितलासा?”

गावातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. हवालदाराची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मी आईकडे बघायचं टाळत होतो.

“आरं, मला काय सांगतुयास?” आई बाजेवरूनच म्हणाली. “साताऱ्यापास्नं त्या पिशवीवर पाय ठिवून बसलीया मी. पुजल्याली हत्यारं आसती तर पाय ठिवलं आसतं व्हय? हवालदार, घ्या कामाला. देवानं ह्येला येवड्यासाटीच आळशी केलाय.”

माझ्या आळशीपणाचं इतकं सार्थक पूर्वी कधी झालं नव्हतं.

काम सुरू झालं. पाणी एका घमेल्यात जपून काढलं (त्या साली पाण्याला किंमत होती), रेडिएटर उतरला, पंखा उतरला. हवालदार मला नट हातात देत होता आणि मी ते क्रमानं कागदावर मांडत होतो. बलाचं सूत्र येणाऱ्या माणसाला एवढं तरी यावं. पण मग सर्वांत पुढचा मोठा नट आला, आणि माझ्या पिशवीतला सर्वांत मोठा पाना त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. हवालदारानं शेडकडं पाहिलं. हव्या त्या मापाचा पाना आत पाटावर होता, कपाळाला कुंकू लावून. त्यानं मान फिरवली. आई उठून उभी राहिली होती, हे मला आठवतंय.

तेवढ्यात जतकडून पाण्याचा सरकारी टँकर रिकामा परत आला आणि गर्दी बघून थांबला. ड्रायव्हर सीमेपलीकडचा. “एनात री?” (काय झालं हो?) त्यानं विचारलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं सीटखालून हातभर लांब पाना काढला. हवालदारानं तो हातात घ्यायच्या आधी विचारलं, “पूजा?”

“सरकारी हाय,” ड्रायव्हर म्हणाला. “सरकारी मालाची पूजा कोन करतंय? वरनं आर्डर आली न्हाई.”

पाना बसला. नट पहिल्यांदा हलला नाही, दुसऱ्यांदा मी, हवालदार आणि ड्रायव्हर असे तिघे लोंबकळलो तेव्हा कचकन सुटला. राज्यकारभारावर मी एरवी बरंच बोलतो. त्या दिवशी बोललो नाही.

झाकण निघालं. आत तुटलेली चेन मेलेल्या सापासारखी वेटोळं करून पडली होती. आता खरी मेख होती. दोन्ही चाकांवर एकेक बारीक खूण असते, त्या खुणा समोरासमोर आणून मगच नवी चेन चढवायची. एका दाताची चूक झाली तरी सगळं मुसळ केरात. पण दीड लाख मैलांच्या काजळीत त्या खुणा दिसेनात. हवालदारानं चष्मा पुसला, मी वाकून बघितलं, ड्रायव्हरनं बिडी विझवली. शेवटी आईनं पुढं होऊन बोटानं चाचपलं. लोकरीतली गोचीड शोधायची बोटं ती. “ही एक,” म्हणाली. “आन् ही दुसरी.” कनवटीचा करंडा काढून तिनं दोन्ही खुणांवर कुंकवाचं बोट टेकलं.

हवालदाराचा हात थांबला. “आक्का, कुकू लावलासा. आता ह्ये बी बसलं की!”

आई म्हणाली, “कुकू इंजनाला लावलंय, पान्याला न्हाई. चालू द्या.”

तो धर्मनिर्णय सर्वमान्य झाला. चेन चढली, लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका आला. झाकणाखाली घालायचं पॅकिंग चेनच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं. दिवस बुडताना हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं, आणि त्यात खळखळ नव्हती. गाडीचे दिवे बेभरवशाचे आणि माळावर अंधारात वाट सापडायची नाही म्हणून रात्री तिथंच पाठ टेकली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हवालदाराच्या पल्टणीच्या कथा. निम्म्या खऱ्या असाव्यात.

दसऱ्याच्या दिवशी तांबडं फुटताच निघालो. मी आनंदात होतो. दुपारी मामा निघणार, आपण नऊला पोचणार. आईला तसं म्हणालोही, “बघ, आपल्या गाडीनं वेळेच्या आधी.” आणि जतच्या अलीकडे, एका चढावर, रस्ता मेंढरांनी भरून गेला.

मी हॉर्न वाजवला. मेंढरं हॉर्न मानत नाहीत. मी आणखी वाजवला, काच खाली करून ओरडलो, “अरे ए, बाजूला घे की ती जनावरं! आम्हाला घाई आहे!”

मागं दार उघडल्याचा आवाज झाला. आई उतरून मेंढरांत शिरली होती.

पुढं घोंगडं पांघरलेला एक उंच म्हातारा काठीवर हात ठेवून उभा होता. पाणी संपलं म्हणून मामांनी कोंबड्याच्या आरवण्यालाच कळप हलवला होता. ज्यांना गाठायला मी दोन दिवस धडपडत होतो ते ह्याच रस्त्यानं आमच्याकडंच चालत येत होते, आणि मी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो.

मामा थांबू शकत नव्हते. थांबलं की मेंढरं लोकांच्या रानात घुसतात, आणि दुपारपर्यंत पुढचं पाणी गाठायचं होतं. “चाल गं बाय संगट,” ते म्हणाले. आईनं चपला काढून माझ्याकडे फेकल्या आणि चालायला लागली. मी गाडी वळवली. पहिल्या गियरात, मेंढरांच्या चालीनं, त्यांच्या मागून निघालो. कळपामागून घोड्यावर येणाऱ्या मामींनी खाली वाकून एक लंगडी मेंढी आणि दोन दिवसांची दोन कोकरं मागच्या सीटवर ठेवायला लावली. आई पायी आणि मेंढी गाडीत. नव्या चेनचा आवाज लोण्यासारखा मऊ होता, आणि तो ऐकायला मेंढी होती.

दोन मैल ती दोघं चालली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एकदा आई जोरात हसली. एकदा तिनं मामांच्या हातातली काठी घेतली आणि चुकार मेंढरू असं काही वळवलं की पन्नास वर्षं सातारला राहिलेली बाई ही नव्हेच असं वाटलं. मला तिचं हे रूप कधी माहीतच नव्हतं.

कळप रस्ता सोडून रानात शिरतो त्या वळणावर रेडिएटर उकळून वाफ यायला लागली. मामांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला. “लय दमलीया रं ही. पाणी पाज की तिला.”

“पाणी नाही मामा.”

त्यांनी खांद्यावरची बुधली काढली आणि सगळी आत ओतली. मी नको नको म्हणत होतो. “आमाला फुडं वढा हाय,” ते म्हणाले. पुढच्या ओढ्यात पाणी असेलच असं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग आईनं ओल्या फडक्यातली पानं काढली. “सोनं घे दादा. सोन्यावानी ऱ्हा.” त्यांनी तिच्या हातावर पान ठेवलं, माझ्या हातावर ठेवलं, मेंढी आणि कोकरं उतरवून घेतली आणि गेले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

परत येताना फाट्यावर हवालदाराला सोनं दिलं. त्याची हत्यारं पाटावरून उठली होती. “आता सांगा काय काम असंल तर,” तो म्हणाला. आई मागं झोपली होती, पाय सीटवर घेऊन.

साताऱ्यात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पान्यांची पिशवी धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. वरातीमागून घोडं. आईनं ते बघितलं आणि म्हणाली, “बसू दे आता निवांत. फुडल्या दसऱ्याला मी एष्टीनं जाते.”

आणि खरंच गेली. खंडेनवमीच्या आदल्याच दिवशी, गाठोडं घेऊन. गाडी अंगणात चालू स्थितीत उभी होती, पूजा वेळेवर झालेली. मधल्या मृगाला मेंढरं परतली होती, पण मामा वाटेतच वारले होते. आई चार दिवसांनी परत आली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते. त्याही साली कळप दसऱ्यालाच हलला होता, आणि मामींबरोबर ती त्याच वळणापर्यंत चालून आली होती.

“कुणासाठी एवढं चाललीस?” मी विचारलं.

“त्यो संगट चालल्यागत वाटतं,” ती म्हणाली, आणि पाय शेकायला गरम पाणी मागितलं.